संघ नाशिकला गेला तेव्हा

आमचा संघ नाशिकला हलवणार, हे आम्हाला कॅन्टीनमध्ये पोहे खाताना कळलं. मुलुंडची औषधांची कंपनी आणि तिचा महिला कबड्डी संघ. स्पर्धांत आम्ही व्यावसायिक गटात उतरायचो, म्हणजे खेळासाठी नोकरी दिलेल्या मुली. सकाळी दोन तास सराव, मग ड्युटी. मॅनेजर साहेब आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "पॅकिंग नाशिकला जातंय, संघही तिकडेच. तिथे मॅट आहे, क्वार्टर आहेत. इथे काय आहे? खडे."

खडे होते हे खरं. रोज आम्हीच वेचायचो.

"म्हणजे आता आम्ही नाशिकच्या पोरी?" एकजण ओरडली. आमचे प्रशिक्षक पोह्यांवर लिंबू पिळत राहिले. त्यांना आधीच ठाऊक होतं.

बारा जणींपैकी अकरा पॅकिंगला. ऑफिसात मी एकटी, कारण मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. परभणीहून येऊन घाटकोपरला रंगकाम करणाऱ्या माझ्या बाबांनी लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढे बी.कॉम. छापून घेतलं होतं, नवऱ्याच्या नावापुढे काहीच नव्हतं तरी. ऑफिस मुलुंडलाच राहणार होतं. त्यामुळे मला जायची सक्ती नव्हती. बाकीच्यांना जा, नाहीतर सोडा.

मी डाव्या कोपऱ्यात खेळायचे. माझ्या शेजारी जी उभी राहायची तिचा हात चार मोसम माझ्या हातात होता. कबड्डीत बचाव हात धरूनच होतो. समोरची चढाई करायला आली की शेजारणीने बोट दाबायचं आणि मी खाली घोट्यावर जायचं. बोलायची गरज नाही. मला ती 'ए ग्रॅज्युएट' म्हणायची, चिडवायला.

तिचा नवरा रिक्षा चालवतो.

"नाशिकला काय करेल गं तो?" ती म्हणाली. "मुंबईचं परमिट तिथे चालतं का?"

"नाही चालत."

"मग क्वार्टरमध्ये बसून माझ्या मॅचेस बघेल? दोन दिवसांत वेडा होईल. आणि मला पण करेल. ए ग्रॅज्युएट, तू बोल ना साहेबांशी. तुझं इंग्लिश ऐकून तरी घाबरतील."

मी गेले. मराठीतच बोलले. एक मोसम थांबा, मुलींना सोय करू द्या, एवढंच मागितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "संघ कंपनीचा आहे. तुम्ही तर इथेच राहताय. तुम्हाला काय त्रास?"

ऑफिसातल्या पुरुषांनाही हेच वाटायचं. टीव्हीवरच्या लीगमधले संघ शहर बदलतात, मालक बदलतात, जर्सीचा रंग बदलतो, कोण रडतं? लीगचे खेळाडू लिलावातून येतात आणि मोसम संपला की आपापल्या गावी जातात, त्यांचं शहर जर्सीवर असतं. आमचं भांडुप-मुलुंडला होतं, पोरांच्या शाळेसकट. संघ हलवूच नये असं मी म्हणत नाही. मॅटवर गुडघे वाचतात, ते मलाही कळतं. पण ज्यांना घेऊन जाणार त्यांना आधी विचारा, आणि ज्या मागे राहतील त्यांना मोकळं करा. इतकं साधं आहे.

कोपऱ्यातल्या माझ्या शेजारणीने राजीनामा दिला. आठ दिवसांत तिला भांडुपच्या एका मंडळाने बोलावलं, स्थानिक गटात खेळायला. त्यांच्याकडे चढाई करणाऱ्या तीन चांगल्या पोरी होत्या, बचावात सगळा आनंद. ती त्यांना म्हणाली, मी एकटी नाही येत, माझा कोपरा पण येतो. कोपरा म्हणजे मी. मला न विचारताच सांगून आली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

एका संघात नोंद असली की दुसऱ्याकडून खेळायला आधीच्या संघाचं ना हरकत पत्र लागतं. दोघींचे अर्ज मीच टाइप केले. तिचं पत्र दोन दिवसांत आलं. माझं आलं नाही. साहेबांनी बोलावून सांगितलं, "त्या आता आमच्याकडे नाहीत. तुम्ही आहात. खेळायचं तर नाशिकला बदली घ्या, नाहीतर राजीनामा द्या. त्याच दिवशी पत्र देतो."

नोकरी गेली ती खेळायला मोकळी, आणि जिची राहिली ती अडकली. या न्यायाची मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

नवरा म्हणाला, तू ठरव. आईने मात्र फोनवर लगेच ऐकवलं, "बापाने भिंती घासून शिकवलं ते खुर्ची सोडायला काय?" मंडळाची नाव द्यायची मुदत शनिवारची होती. शुक्रवारी संध्याकाळी शेजारीण घरी आली, चप्पल काढायच्या आधी विचारलं, "काय ठरलं?"

"नोकरी ठेवते."

"शहाणी आहेस. मी पण तेच केलं असतं."

"मग तोंड का पाडलंस?"

"मला ठेवायला होतीच कुठे गं," ती म्हणाली आणि चहा टाक म्हणून स्वतःच गॅसपाशी गेली. त्या दिवशी आम्ही कबड्डीवर काही बोललो नाही.

मी नोकरी सोडणार नव्हतेच. कुणी विचारलं तर आजही असंच सांगते, आणि ते खरं आहे.

मंडळाचा पहिला सामना पुढच्या रविवारी होता. गेले बघायला. माझ्या जागी वाकोल्याची एक मुलगी उभी होती, उंच, पाय लांब. पहिल्याच चढाईला शेजारणीने बोट दाबलं असणार, कारण ती मुलगी अगदी वेळेवर खाली गेली आणि घोटा धरून ठेवला. मध्यंतरापर्यंत तिच्या तीन पकडी झाल्या. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या डावाला थांबले नाही.