कमरेला बांधलेला माग

नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलमध्ये मी हँड थेरपिस्ट आहे, म्हणजे फक्त हातांची फिजिओथेरपी करते. पुण्यातल्या माझ्या मावशीला अजून वाटतं की मी लोकांच्या पाठी रगडते. माझ्याकडे येतात ती प्लास्टर काढलेली मनगटं, शिवलेली बोटं, आखडलेले अंगठे. माणूस खोलीत शिरला की मी आधी त्याचे हात बघते, मग चेहरा. ही सवय फारशी चांगली नाही, हे मला एका हिवाळ्यात कळलं.

त्या जानेवारीत सत्तरीच्या एक बाई आल्या. ग्वातेमालाहून लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि फूटपाथवरच्या बर्फावरून घसरून उजवं मनगट मोडून बसल्या होत्या. उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या, पाठीवर दोन पांढऱ्या वेण्या, अंगात जावयाचं ढगळ जाकीट. जावई इंग्रज आणि अबोल. त्यांना आत सोडून तो बाहेर पेपर वाचत बसायचा. लेक एका केअर होममध्ये कामाला, तिला दिवसाची शिफ्ट. फॉर्मवर भाषांच्या यादीत 'स्पॅनिश'च्या चौकोनात खूण केलेली, म्हणून मी फोनवरून बोलणारी स्पॅनिश दुभाषी बुक केली होती.

मी विचारायचे, दुभाषी स्पॅनिशमध्ये सांगायची आणि बाई मान हलवून म्हणायच्या, "सी." हो.

"दुखतंय का?"

"सी."

"कालपेक्षा कमी?"

"सी."

"घरी व्यायाम केलेत?"

"सी."

दुसऱ्या खेपेलाही तेच. मनगट ताठ, बोटांवर सूज, व्यायाम केल्याचं काही लक्षण नाही. मी नोट्समध्ये लिहिलं: 'गोंधळलेल्या वाटतात. स्मरणशक्ती तपासून घ्यावी?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की आपण फार जपून बोललो असं वाटतं.

तिसऱ्या खेपेला दुभाषीचा फोन लागेना. नुसतं बसून काय करायचं म्हणून मी बाईंच्या हातात पुट्टीचा, म्हणजे व्यायामाच्या रबरी मातीचा, मऊ गोळा दिला आणि कसा दाबायचा ते करून दाखवलं. त्या दाबायला लागल्या, आणि दाबता दाबता पुटपुटायला लागल्या. "हुन, केब, ओशिब, काहिब…" स्पेनला सुट्टीवर गेले होते तेव्हा दहापर्यंत आकडे शिकले होते मी. हे ते नव्हते. पण मोजणंच होतं, कारण प्रत्येक दाबाला एक शब्द होता. दहाच्या पुढे गेल्या, कुठे अडखळल्या नाहीत, विसाव्या दाबाला थांबल्या, हात झटकला आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. गोंधळलेला माणूस असं मोजत नाही.

तेवढ्यात फोन लागला. मी दुभाषीला म्हटलं, "त्या काय म्हणतायत ते जरा ऐका. ही कुठली बोली?"

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही स्पॅनिश नाहीच. आणि खरं सांगू? माझं बोलणंही त्यांना फारसं कळत नसावं. वाईट दिसू नये म्हणून हो म्हणत असतील."

माझे कान तापले. ह्या देशात आले तेव्हा पहिलं वर्षभर मी न कळलेल्या कितीतरी गोष्टींना 'येस' म्हटलं होतं. इथल्या रिसेप्शनवरच्या बाई मला 'मी डक' (माझ्या बदका, ही इथली लाडाची हाक) म्हणायच्या आणि ही मला बदक का म्हणते, ते विचारायचं धाडस मला चार महिने झालं नव्हतं. माझ्या नोट्समध्ये तेव्हा कुणी काय लिहिलं असेल कोण जाणे.

त्याच दुपारी बाईंच्या लेकीला फोन केला. पुढच्या खेपेला ती सुट्टी घेऊन आली.

"आई किचे बोलते," ती म्हणाली. "स्पॅनिश तिला बाजारहाटापुरतं येतं. फॉर्मवर किचेला चौकोनच नव्हता."

"किचे म्हणजे?"

"माया लोकांच्या बऱ्याच भाषा आहेत ना, त्यातली एक. आम्ही माया आहोत."

यावर मी काहीतरी बोलणार होते, ते गिळलं. कारण घरी डायनिंग टेबलवर कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांचा एक पिरॅमिड वाळत पडला होता. माझी मुलगी तेव्हा इयर फाइव्हमध्ये, म्हणजे नऊ-दहा वर्षांची, होती आणि त्या टर्मला त्यांना इतिहासात माया होते. आदल्याच आठवड्यात ती मला वहीतलं इंग्रजी मराठीत करून सांगत होती, "आई, माया लोकांचा संस्कृती अचानक नाहीसा झाला." मी म्हटलं होतं, "संस्कृती 'नाहीशी झाली' म्हणायचं, राणी." तिचं व्याकरण तेवढं सुधारलं मी. बाकीचं वाक्य तसंच राहू दिलं.

मी बाईंच्या लेकीला नोट्समधली ओळ दाखवली आणि माफी मागितली. तिनं ती वाचली आणि आईला सांगितली. मला वाटलं, आता बाई दुखावतील. पण त्या तोंडावर डावा हात धरून खुदुखुदु हसायला लागल्या.

"ती म्हणते," लेक म्हणाली, "आमच्या गावात गेल्या चाळीस वर्षांत कुणाच्या लग्नात कुणी कुठल्या नक्षीचं कापड घातलं होतं, ते विचारा."

ती ओळ मी दोघींसमोरच दुरुस्त केली. मग विचारला तो प्रश्न, जो खरं तर पहिल्याच दिवशी विचारायचा असतो. "ह्या हातानं तुम्हाला परत काय करता यायला हवं?"

उत्तर एका शब्दाचं असावं असं मला वाटलं, पण बाई पाच मिनिटं बोलत होत्या. बोलताना डावा हात आडवा, उभा, पुन्हा आडवा फिरत होता. त्यांना विणायचं होतं. दुसरं काही नको होतं. भांडी लेक घासेल, वेण्या लेक घालेल. विणता आलं नाही तर मात्र ह्या हाताचं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

"माग आणता येईल इथे?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर सोलापूरचा हातमाग होता, खोलीभर पसरलेला.

"पिशवीतून आणते," लेक म्हणाली.

लेकीनं मंगळवारच्या शिफ्ट बदलून घेतल्या आणि पुढच्या मंगळवारी ती खरंच कापडी पिशवी घेऊन आली. आत सात-आठ गुळगुळीत काठ्या आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेलं, अर्धवट विणलेलं लाल कापड. मागाला चौकट नव्हतीच. कापडाचं एक टोक लेकीनं भिंतीवरच्या व्यायामाच्या बारला बांधलं. दुसरं टोक एका रुंद पट्ट्यानं बाईंनी स्वतःच्या कमरेमागे अडकवलं आणि मॅटवर गुडघे टेकून बसल्या. मागे रेलल्या की ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ व्हायचा, पुढे झुकल्या की सैल. बाईच मागाची चौकट होत्या.

धागे उचलायचे, मधून आडवा धागा, म्हणजे बाणा, घालायचा आणि तलवारीसारख्या लाकडी पट्टीनं तो खाली ठोकायचा. ती पट्टी आडवी घालून उभी फिरवावी लागते, आणि उजव्या मनगटाला नेमकं तेच फिरणं जमत नव्हतं. माझ्या कपाटातल्या सगळ्या रबरी वस्तूंपेक्षा हा व्यायाम चोख होता. दहा मिनिटांनी त्यांच्या कपाळावर घाम आला. मी "बस आता" म्हणून पट्टी घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी माझ्या हातावर हलकी चापट मारली आणि आणखी दोन ओळी ठोकल्या.

त्यानंतर मंगळवारची ती वेळ आमच्या अख्ख्या डिपार्टमेंटला ठाऊक झाली. लेक आईला मधूनमधून 'नान' म्हणायची. किचेमध्ये वडीलधाऱ्या बाईला मानानं तसं म्हणतात. नॉटिंगहॅममध्ये तर आजीलाच 'नॅन' म्हणतात. त्यामुळे रिसेप्शनवरच्या बाईंना त्यात काहीच नवल वाटलं नाही. त्याही 'नॅन' म्हणू लागल्या, आणि मग आम्ही सगळेच.

एकदा मी विचारलं, "नान विसाला का थांबतात?"

लेक म्हणाली, "कारण वीस म्हणजे 'हुविनाक'. एक माणूस. हाताची बोटं, पायाची बोटं, झाला एक माणूस पूर्ण."

मी सांगितलं, आमच्या सासवडच्या आठवडी बाजारात भाजीवाली लिंबं अशीच विसा-विसानं मोजायची, दोन इसा, तीन इसा, तीन इसा आन् पाच. लेकीनं ते भाषांतर करून सांगितलं. नान विणायच्या थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आत्ता खोलीत शिरले होते.

"तुमच्याकडेही पायाची बोटं मोजतात का, असं विचारतेय," लेक म्हणाली.

 आजवर तो विचारच मनात आला नव्हता.

घरी मी मुलीला सगळं सांगितलं, पेशंटचं नाव-गाव वगळून. तिनं आधी विश्वास ठेवला नाही. मग प्रश्नांचा मारा. "त्या फोन वापरतात? त्यांना ते चित्रांची लिपी येतो? त्या पिरॅमिडमध्ये राहायच्या?" शेवटी ती वही घेऊन बसली आणि 'नाहीसा झाला'च्या इंग्रजी ओळीवर आडवी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं टीचरला सांगितलं की तिच्या आईला एक माया आजी माहीत आहे आणि त्यांचा जावई इंग्रज आहे. टीचरनं तिला उभं राहून सगळ्यांना सांगायला लावलं. जुनी शहरं ओस पडली, पण माणसं राहिली, असं ती म्हणाली म्हणे. हे वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं.

एप्रिलमध्ये उपचार संपले. नान माझ्या पेशंट राहिल्या नाहीत, म्हणून मॅनेजरला विचारून मी लेकीचं घरी यायचं आमंत्रण स्वीकारलं. त्यांची एक अडचण मी सहज सोडवली, याचा मला अजून अभिमान आहे. त्यांच्या पोळ्यांसाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवावा लागतो आणि खायचा चुना लेकीला कुठे मिळत नव्हता. मी लेस्टरच्या भारतीय दुकानातून पानाच्या चुन्याच्या चार डब्या नेल्या. नाननी एक उघडली, वास घेतला, बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावला आणि मान डोलावली. तव्यावरून उतरलेल्या त्या पोळीला आमच्या मक्याच्या भाकरीला नसलेला, ओल्या मातीसारखा वास होता. माझ्या मुलीनं सहा खाल्ल्या.

नान ऑगस्टमध्ये परत जाणार होत्या. म्हणून मे महिन्याच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आम्ही चौघी ट्रेननं लंडनला गेलो, तिथल्या मोठ्या संग्रहालयात. मुलीला वर्गात दाखवलेला दगड प्रत्यक्ष बघायचा होता. आपल्याकडे दारावर जिथे गणेशपट्टी असते, तिथे बसवलेला एका माया राजवाड्याचा दगड. राजा मशाल धरून उभा आहे, आणि समोर गुडघे टेकलेली राणी काट्यांचा दोर स्वतःच्या जिभेतून ओढून रक्त अर्पण करते आहे. हजाराहून जास्त वर्षांपूर्वीचं काम, पण काल केल्यासारखं.

मुलगी दोराच्या काट्यांना खिळली. नाननी चष्मा लावला आणि राणीच्या झग्याकडे बघितलं. कोरणाऱ्यानं कापडाची वीण न् वीण दगडात उतरवली आहे: तिरके चौकोन, चौकोनांत फुलं, कडेला झालर. नान बोलायला लागल्या. उजवा हात हवेत उचलला आणि अदृश्य पट्टी फिरवू लागल्या. मी अर्थातच मनगट बघत होते. पूर्ण नाही, पण पुरेसं फिरत होतं.

"हा तिरका चौकोन डोंगरापलीकडच्या बायका अजून घेतात," लेक सांगू लागली. "आमच्या गावात वेगळा. ती म्हणते, इथे दोन धागे उचलून तिसरा सोडला असणार. मोजून बघतेय ती."

मुलीनं धीर करून विचारलं, "नान, हा दगड इथे बघून तुम्हाला वाईट वाटतं?"

नाननी उलट विचारलं, "एवढा जड दगड आणला कसा?"

"जंगलातून कापून," मी म्हटलं. "मग जहाजानं."

"विचारून?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं.

दालनाच्या कोपऱ्यात उभा असलेला पन्नाशीचा गार्ड आतापर्यंत जवळ आला होता. मला वाटलं, दगडाच्या फार जवळ गेलो म्हणून रागावेल. त्यानं हळूच विचारलं, "त्या काय म्हणतायत?"

लेक म्हणाली, "तिला विचारायचंय, हे कापड कुणी विणलं? ते लिहिलंय का कुठे?"

त्यानं भिंतीवरची पाटी वाचली. पाटीवर राजाचं नाव होतं, राणीचं नाव होतं. त्यानं ती परत एकदा वाचली.

"नाही," तो म्हणाला. "तसं काही लिहिलेलं नाही. मी रोज इथे उभा असतो, पण तिच्या कपड्यांकडे कधी लक्षच गेलं नाही."

नाननी त्याच्या कोटाची बाही धरली, त्याला दगडासमोर उभं केलं आणि खालच्या झालरीपासून नक्षी समजावून सांगायला लागल्या. लेक भाषांतरासाठी पुढे झाली, तर तो म्हणाला, "एक मिनिट. आधी त्यांना बोलू द्या."