लोटन आबांचा बुस्टर

पाचोऱ्याच्या लोटन आबांना कुठलाही बिघाड सांगा, औषध एकच: बुस्टर. टीव्हीवर मुंग्या आल्या, बुस्टर लावा. रेडिओ खरखरतो, बुस्टर लावा. चाळीस वर्षं त्यांचं दुरुस्तीचं दुकान याच सल्ल्यावर चाललं. माणूस हट्टी, पण हातात कसब. शेजारी म्हणून मी दोन्ही अनुभवलंय.

त्यांची मुलगी हेमांगी धुळ्याला नोकरी करते. यंदा तिनं हौशी, म्हणजे हॅम रेडिओचा परवाना मिळवला. तिच्या मंडळातले लोक दर रविवारी सकाळी डिजिटल संचावर एकेक करून हजेरी देतात, आणि या रविवारी ती पहिल्यांदा बोलणार होती. आबांकडे तिनं आणून दिलेला रेडिओ स्कॅनर. त्यावर फक्त ऐकायचं, बोलायची सोय नाही. पण आठवडाभर त्यातून माणसांऐवजी तुकडेच बाहेर पडत होते. "नम... कार... जळ..." आणि मग चिडीचूप. जुना रेडिओ निदान खरखरीतून तरी बोलायचा. हा मेला एकदम मुकाच होतो.

आबांनी अँटेना गच्चीवर नेली. मग पाण्याच्या टाकीवर. मग बांबूवर; तो बांबू मीच धरला होता आणि माझा खांदा अजून दुखतोय. बुस्टर तर पहिल्याच दिवशी लागला होता.

रविवारी हजेरी सुरू झाली. चारजण तुकड्यातुकड्यांत येऊन गेले आणि नेमकी लाईट गेली.

"आतेच जावानी व्हती का!" आबा ओरडले. पण स्कॅनर सेलवर चालत होता, आणि त्यातून भुसावळचे कोणी गृहस्थ अगदी शेजारी बसल्यासारखे बोलू लागले. लाईट आली, तसे गृहस्थ पुन्हा फाटले.

"आयका ना," तांदूळ निवडता निवडता आबांच्या बायको सुनंदाबाई म्हणाल्या, "तुमना बुस्टर बंद व्हयना तवय आवाज साफ व्हयना."

"तुले काय समजस त्यामा?"

म्हणाले खरे, पण त्यांचा चेहरा पडला. समोरच मोबाईलचा टॉवर. बुस्टर त्याचाही गोंगाट फुगवत होता आणि त्यात स्कॅनरचे कान बधिर होत होते. हे आबांना लगेच कळलं. कबूल करायला मात्र जड जात होतं. तेवढ्यात पुढची हजेरी धुळ्याची, असं काहीसं ऐकू आलं. आबांनी बुस्टर उपसून बाजूला टाकला आणि वायर सरळ स्कॅनरला जोडली.

"धुळ्याहून हेमांगी," स्वच्छ आवाज आला. "माझे वडील पाचोऱ्याला ऐकत असतील. आबा, आयकू ई रायनं ना?"

"हाव बेटा! आयकू ई रायनं!" स्कॅनर दोन्ही हातांत धरून आबा इतक्या जोरात ओरडले, की तिचं पुढचं वाक्य त्यांच्याच आवाजाखाली गेलं. हजेरी पुढच्या माणसाकडे सरकली.

"काय बोलनी ती?" आबा घाबरे झाले.

सुनंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "म्हने, हाई समदं मी मना आबानी मांडीवर बशीसन शिकनू."

"परत सांग."

त्यांनी सांगितलं.

"परत."