मधली नळी

नवं बेअरिंग खोक्यातून काढलं की दौलतमामा आधी ते कानाशी धरून फिरवत. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. पसंत पडलं तरच ते मशीनला लागायचं, नाहीतर तसंच दुकानात परत. "बेरिंग मुकं पाह्यजे, सर. बोललं का समजा गेलं."

राळेगावजवळच्या आमच्या निवासी शाळेत मी खेळाचा शिक्षक आणि मामा मैदान सांभाळणारे. संस्थेनं गवत कापायचं, बसून चालवायचं मशीन आणलं, तेव्हा त्यावर बसायचा मान सायकली दुरुस्त करणाऱ्या मामांना मिळाला. मशीनवर चढताना ते चप्पल खाली काढून ठेवत. शिक्षकांच्या खोलीत याची नक्कल करून आम्ही हसायचो, आणि त्यात मी सगळ्यांत पुढे.

मशीनच्या पोटाखाली तीन पाती. प्रत्येक पातं एका उभ्या दांड्यावर फिरतं. दांड्याला वर एक बेअरिंग, खाली एक, आणि दोघांच्या मधे बोटभर लोखंडी नळी. दरवर्षी पावसाळा संपला की मामा बेअरिंग बदलत. ग्रीसचा पंप कधीकधी माझ्या हातात देत आणि शेजारी उकिडवे बसून मोजत. "दोनच दाब, सर. तिसरा कायले? खाऊ घालाचं, कोंबाचं नाही."

एका वर्षी दोन दांड्यांचं काम झालं आणि मामांना मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला मारेगावला जावं लागलं. "तिसरा मी आल्यावर करतो. तुमी हात नोका लावू," असं सांगून गेले. पण दुसऱ्या दिवशी संस्थेचे सचिव मैदान पाहायला येणार होते, आणि मला मैदान दाखवण्यापेक्षा स्वतःला दाखवायची हौस जास्त. मी हात लावला. सगळं कसून झाल्यावर पाहतो तर खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर एक नळी उरलेली. जादाची असेल, असं म्हणून ती टेबलाच्या खणात टाकली. खरं सांगतो, शंका आली होती. पुन्हा खोलायचा कंटाळा केला.

सचिवांसमोर मशीन मीच चालवलं. दहा मिनिटांत पोटाखालून किंचाळल्यासारखा आवाज आला, मग धूर, मग पट्टा तुटला. मधे नळी नव्हती, त्यामुळे नट कसताना दोन्ही बेअरिंग आवळली गेली होती, ती जळाली.

"बसवलं कोणी हे?" सचिवांनी विचारलं.

"दौलतमामांनी," मी म्हणालो. अडखळलोसुद्धा नाही.

मामा लग्नाहून परतले तेव्हा मशीन त्यांच्याकडून काढून घेतलेलं होतं. त्यांना झाडांना पाणी द्यायला लावलं. तेवढी दुरुस्ती मात्र करून द्या, असं सचिवांनी त्यांना सांगितलं. मामांनी दांडा खोलला, आत पाहिलं आणि माझ्याकडे आले. "सर, नळी कुठं हाये?"

मी खण उघडला. त्यांनी नळी फडक्यानं पुसली. "फेकली नाही, हे बरं केलं," एवढंच म्हणाले आणि गेले.

सचिवांना सांगायचं मी त्याच दिवशी ठरवलं. मग क्रीडामहोत्सव होऊ दे म्हटलं, मग परीक्षा. अशी चार वर्षं गेली. नवा माणूस मशीन चालवायचा आणि मामा हातात पाण्याचा पाइप धरून कुंपणाशी उभे राहायचे. मी मैदानावर जायची वाट बदलली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा निरोप समारंभ झाला. "एक मशीन सोडलं तर मामांचं काम चोख," सचिव म्हणाले आणि सगळे हसले. मामाही हसले. नंतर माईक माझ्या हातात आला. मी त्यांच्या वक्तशीरपणावर बोललो.

कार्यक्रम संपल्यावर त्यांची बायको पेढ्यांचा डबा घेऊन माझ्याकडे आली. "मशीन यायच्याच हातून बिघडलं होतं, सर. मले घरी सांगतलं यायनं. तरी तुमी यायले सांभाळून घेतलं, असं हेच म्हनते."

तिच्यामागे मामा खाली पाहत उभे होते.

मी पेढा घेतला आणि तिच्यासमोर खाल्ला.