घर चुकलेली बोटं

माझी आत्या, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, जळगावात टायपिंग क्लास चालवते. मीही तिच्याच हाताखाली शिकलो. तिच्या क्लासचे दोन नियम होते. एक, बोटांकडे बघायचं नाही. मधल्या ओळीवर दोन्ही तर्जन्यांच्या जागा सापडल्या की बाकीची बोटं आपापल्या घरी बसतात. दुसरा, आपला कागद आपण तपासायचा नाही. शेजारच्याने वाचायचा, चुकांना लाल गोल करायचा आणि एकही चूक नसेल तरच खाली ‘बरोबर’ लिहायचं. न वाचता ‘बरोबर’ लिहिणाऱ्याला ती वर्गातून उठवायची. मलाही एकदा उठवलं होतं.

धुळ्याला देवपुरात घरून काम करायला लागलो आणि मला मेकॅनिकल कीबोर्डचं वेड लागलं. तयार कीबोर्ड चालेना. खोका वेगळा मागवला, बटणांखालचे स्विच वेगळे, वरची बटणं आणखी तिसरीकडून. एकेका स्विचला बारीक ब्रशने वंगण लावत बसायचो. बायको म्हणाली, “आधीच्याला काय धाड भरली होती?” मी बटणांच्या आवाजाचं महत्त्व समजावू लागलो, तशी ती उठून गेली. बटणं मी कोरी घेतली होती. अक्षर नाही, रेघ नाही, तर्जनीला तिची जागा सांगणारी बारीक उंच खूणसुद्धा नाही. आमच्या कीबोर्डवेड्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर अशा गुळगुळीत बटणांचं भारी कौतुक होतं आणि मला ते कौतुक हवं होतं.

अशात अक्का आली. एकटीच, एस्टीने, भरिताची वांगी घेऊन. रिक्षावाल्याने तिला हाताला धरून दारापर्यंत आणलं. वय झालं, एवढंच माझ्या मनात आलं. चहा होतो न होतो तोच मी तिला खुर्चीवर बसवलं. माझ्या कॉम्प्युटरवर तिच्या ओळखीची, टाइपरायटरची जुनी मराठी मांडणी होतीच.

“अक्का, काहीतरी टाइप कर ना. तुझ्यासारखा हात कोणाचा चालतो?”

तिने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, “बरं. माले तसंबी तुले काही सांगनं शे.”

तिच्या तर्जन्या बटणांवरून हळूहळू फिरल्या, थांबल्या, पुन्हा फिरल्या. मला वाटलं, ती कीबोर्ड कुरवाळते आहे. फुशारकीने माझी छाती फुगली. मी मोबाइल तिच्या हातांवर धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. ती टाइप करू लागली. काय तो आवाज! ठोक ठोक ठोक, एका लयीत, कुठे अडखळणं नाही. पानभर झाल्यावर ती थांबली.

“बठ्ठं वाचं का रे?” सगळं वाचलंस का, असं ती विचारत होती.

“हो अक्का. एक नंबर!”

माझी नजर मोबाइलवर होती. स्क्रीनकडे मी पाहिलंही नव्हतं.

तिने मान हलवली. जेवताना ती फारसं बोलली नाही आणि संध्याकाळच्या बसने परत गेली. मी तिच्या हातांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. लोकांनी आवाजाची तोंड भरून स्तुती केली. त्या आठवड्यात तिचा फोन आला.

“मग काय ठरवं?”

“कशाचं?” मी विचारलं.

“काही नही,” म्हणत तिने फोन ठेवला. तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

बारा दिवसांनी जुन्या फाइली पुसताना ते पान समोर आलं. सगळी अक्षरं अगम्य. एक शब्द धड नव्हता. पण ही चूक मी ओळखत होतो. क्लासमधली नवी पोरं करतात, तीच. बोटं घर चुकतात, एक बटण उजवीकडे बसतात आणि पुढे सगळं बिनचूक चुकत जातं. पण अक्का? चाळीस वर्षं शिकवणारी अक्का? आणि स्क्रीनकडे पाहून तिच्या ते लक्षात कसं आलं नाही?

मी वही घेतली आणि प्रत्येक अक्षराच्या जागी डावीकडच्या बटणाचं अक्षर लिहीत गेलो. तिने जन्मभर लोकांचे अर्ज टाइप केलेले, तेव्हा हे पत्रही अर्जासारखंच होतं.

“विषय : डोळ्यांबाबत. कळविण्यात येते की, दिवाळीपासून अक्षर दिसत नाही. डाव्या डोळ्याने काहीच दिसत नाही. घरी सांगितलेले नाही. सांगितल्यास क्लास बंद करतील. तोंडाने सांगणे जमत नाही म्हणून टाइप केले आहे. तरी तू डॉक्टरकडे सोबत यावे, ही विनंती.”

आणि ह्यावर मी म्हणालो होतो, एक नंबर. त्या दिवशी तिच्या तर्जन्या कीबोर्ड कुरवाळत नव्हत्या, माझ्या कोऱ्या बटणांवर नसलेली खूण शोधत होत्या.

मला स्वतःची शिसारी आली. व्हिडिओ काढून टाकला, पण लाज अशी पुसता येते थोडीच. दुसऱ्या दिवशी पहिली बस धरली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तिला काय सांगायचं ते काही जुळेना.

ती क्लासमध्ये होती. पोरांच्या टायपिंगचा आवाज ऐकून कोणाचा हात अडखळतोय ते सांगत होती. मी तिला बाहेर बोलावलं.

“अक्का, त्या दिवशी मी वाचलं नव्हतं. खोटं बोललो. काल वाचलं. आजच डॉक्टरकडे जायचं.”

ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने नुसता माझा आवाज येत होता तिकडे चेहरा वळवला.

“मंग त्या दिवशी वाचता येत नव्हतं का? मी चुकनू का?” मग अगदी हळू, वर्गात ऐकू जाऊ नये अशा बेताने, तिने विचारलं, “कितल्या चुका?”

माझ्या खिशात त्या पानाचा प्रिंट होता. त्यातलं एक अक्षरही बरोबर नव्हतं.

“एकही नाही, अक्का,” मी म्हणालो.

ह्या वेळी मात्र मी कागद वाचलेला होता.