टपाल शुक्रवारी उघडायचं

बहरीनमधल्या सलमाबादच्या ज्या गॅरेजात माझी गाडी दुरुस्तीला जाते, तिथले मेस्त्री रत्नागिरीचे. इथे नवीन आले तेव्हा ते पोस्टाने फुटबॉलचा खेळ खेळायचे. आपला संघ कागदावर लिहून धाडायचा, आणि निकालाचं पाकीट पंधरवड्याने यायचं.

"ते न फोडता दिवसभर खिशात घेऊन फिरायचं. मजा तिथेच, खलास!" मेस्त्री सांगायचे.

मी त्यांना तसाच खेळ मोबाईलवर घालून दिला, माझ्याविरुद्ध. त्यांनी चहा गार होईपर्यंत खपून अकरा जण निवडले, बटण दाबलं आणि फोन पान्यांच्या खणात ठेवून दिला.

"अहो मेस्त्री, निकाल आलासुद्धा!"

"टपाल शुक्रवारी उघडायचं, सुट्टीच्या दिवशी."

माझ्या फोनवर ते पाच गोलांनी हरले होते. शीळ घालत ते माझ्या गाडीखाली शिरले.

"या वेळी जिंकतोय बघा," खालून आवाज आला.

"मलाही तसंच वाटतंय," मी म्हणालो.