आकाशातला बॉम्ब आणि अण्णांची अर्थिंग

माझ्या वडिलांची, अण्णांची, उभी हयात वीज खात्यात वायरमन म्हणून गेली. युसूफ वडगावच्या पुढं आमचं गाव. त्या पट्ट्यातला एकही खांब असा नसेल ज्यावर ते चढले नाहीत. निवृत्त झाले, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला. मी माजलगावला शाळेत विज्ञान शिकवते. समजावून सांगायची आणि चिडायची, अशा दोन्ही सवयी मला त्या नोकरीनंच लावल्या आहेत.

त्या दिवसांत टीव्हीवर युद्धाशिवाय दुसरं काही नव्हतं. भर दुपारी मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसले होते, तेवढ्यात अण्णांचा फोन आला.

"पोरी, एक इचारू का? मोबाईलवर आलंय. आकाशात उंचावर बॉम्ब फुटला की खालची सगळी यंत्रं एका सेकंदात बंद पडत्यात. गाड्या, फोन, दवाखान्यातली मशिनी, सगळं. खरं हाय का ते?"

माझ्यापुढं पेपरांचा ढीग होता. मी हसले. म्हटलं, "अण्णा, आपल्या गावाला त्यासाठी बॉम्ब कशाला पायजे? एक डीपी जळाला की आठ आठ दिवस काही चालत न्हाई. आपल्याला कधीचीच सवय झालीय."

"आन् छातीतलं?"

"ते काय लाईटीवर चालतंय व्हय? त्याला लोडशेडिंग न्हाई." मी आणखी मोठ्यानं हसले.

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. मला स्वतःचं कौतुकही वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

खरं तर मला सांगण्यासारखं थोडंफार माहीत होतं. असलं हत्यार ही निव्वळ थाप नाही. फार उंचावर अणुबॉम्ब फुटला तर त्याची एक विद्युतचुंबकीय लाट खाली येते आणि लांबच लांब तारांना झटका देते. नुकसान किती होईल यावर जाणत्या लोकांचंही एकमत नाही. पण "एका सेकंदात सगळी यंत्रं कायमची बंद" हे त्या मेसेजवाल्यानं स्वतःच्या पदरचं घातलं होतं. एवढं सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. मी विनोद केला, कारण विनोद पटकन होतो.

मेमध्ये सुट्टी लागली आणि मी गावी गेले. सकाळचे दहा वाजले असतील. अण्णा मारुतीच्या पारावर गेले होते. आईनं नुकतीच फरशी पुसली होती आणि मला बघताच तिनं तक्रारींचं गाठोडं सोडलं.

"तुझ्या बापाला काय झालंय देव जाणे. घरातलं सगळं मीठ नेऊन खड्ड्यात वतलं. कोळसा आणला पोतंभर. रोज त्या खड्ड्याला कळशीभर पाणी घालतेत. तुळशीला घालायला सांगितलं तर गुडघे दुखत्यात म्हणं. आन् त्या पलंगाला ढेकणं झालीत. सकाळी टेकलं की चावत्यात. पावडर मारली, उन्हात काढला, काही उपेग न्हाई."

मागच्या दाराबाहेर भिंतीला लागून नवा खड्डा होता. त्यात लोखंडी पाइप, वर मिठाचा पांढरा थर, माती ओली. अशी नमुनेदार अर्थिंग मी पुस्तकातल्या आकृतीतच पाहिली होती. पाइपला जाड तांब्याची तार आवळलेली होती. ती खिडकीतून आत येऊन अण्णांच्या लोखंडी पलंगाच्या पायाला गुंडाळलेली होती.

मला लगेच उमगलं. वायरमन लोकांची एक पद्धत असते. लाईन बंद केली तरी तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. आधी साखळीनं ती जमिनीशी जोडायची, मगच हात लावायचा. कुठून कोण करंट सोडेल सांगता येत नाही. आलाच तर तो माणसातून न जाता जमिनीत जावा. या एका सवयीनं अण्णांना जन्मभर जिवंत ठेवलं होतं. आता आकाशातून करंट येणार असं कळल्यावर त्यांनी तेच केलं होतं. फक्त या वेळी लाईनच्या जागी स्वतःला बांधलं होतं.

मला हसू आलं आणि रागही आला. चप्पल दाराशी काढलेली होती, पाय ओल्या फरशीवर. "या माणसाला काय म्हणावं," असं म्हणत मी पलंगाच्या दांडीला हात लावला.

कोपरापर्यंत सणकन झिणझिण्या गेल्या. मी किंचाळून हात मागे घेतला.

"बघ," आई म्हणाली, "चावलं ना?"

भिंतीपलीकडं गुरांचा चारा कापायचं कडबा कुट्टीचं यंत्र घरघरत होतं. शेजारी आमच्या भावकीतले काका राहतात. मी मागे पळाले. पाइपच्या तळाशी, मातीत अर्धवट दडवलेली, दुसरी एक वायर होती. ती भिंतीखालून काकांच्या गोठ्यात गेली होती. आमच्याकडं हे सर्रास चालतं. लाईट धड नसली की एक फेज घ्यायची आणि दुसऱ्या तारेच्या जागी जमिनीत खोचलेली सळई वापरायची. काकांनी शेजारी आयती पक्की अर्थिंग बघितली आणि आपल्या यंत्राचा परतीचा करंट तिच्यात सोडून दिला. तोच तारेवरून पलंगापर्यंत येत होता. कुट्टी चाले सकाळी, तेव्हा अण्णा पारावर असत. ते दुपारी आणि रात्री आडवे होत, तेव्हा ती बंद असे. इतके दिवस त्यांना वाचवलं ते एवढ्याच योगायोगानं.

मी परत आत येते तोच अण्णा पुढच्या दारातून येताना दिसले. ऊन लागलं म्हणून लवकर परतले होते. शर्ट घामानं चिंब, पाय अनवाणी. थेट पलंगाकडं निघाले.

"अण्णा! हात लावू नका!"

मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडं काकांनी कुट्टी बंद केली. अण्णा जागच्या जागी थांबले. त्यांचा हात दांडीपासून वीतभर लांब होता. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी खुंटीवरच्या पिशवीतून टेस्टर काढला आणि काकांना हाक मारून सांगितलं, "पुन्हा चालू कर बे." कुट्टी सुरू झाली. त्यांनी टेस्टरचं टोक पलंगाला लावलं. आतला दिवा लाल पेटला.

अण्णा उंबऱ्यावर बसले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. आई पलंगावरची ढेकणांची पावडर बघत होती आणि तिलाही हळूहळू उलगडा होत होता.

काका कुट्टी बंद करून धावत आले. "आण्णा, लई चुकलं. तुमच्या हातची अर्थिंग, म्हणलं हिच्यावानी पक्की सगळ्या गावात नसंल."

अण्णांनी त्यांना शिव्या घातल्या, पण मनापासून नाही. स्वतः पकड घेऊन त्यांनी दोन्ही तारा तोडल्या. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या अर्थिंगवर भरवसा ठेवू नगं, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. आन् आपल्याच खड्ड्याकडं बघितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी भाड्याची जीप करून मी त्यांना शहरात त्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. असला चोरटा करंट शरीरातून गेला तर यंत्राला तो हृदयाचा ठोका वाटू शकतो आणि ते आपलं काम थांबवू शकतं, असं डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं होतं. तिथं त्यांनी अण्णांच्या छातीवर एक चपटं उपकरण ठेवलं आणि पडद्यावर यंत्रातली सगळी नोंद बघितली. मी डॉक्टरांच्या भुवयांकडं बघत होते.

"सगळं व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "कुठंही खंड नाही. बॅटरीही भरपूर आहे."

माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलंही नाही.

अण्णांनी शर्टाची बटणं लावता लावता डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला. आकाशात बॉम्ब फुटला तर? डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, "असल्या बॉम्बचा जाणकार मी नाही. पण मी वाचलंय ते असं, की त्या लाटेचा मार लांब तारांना जास्त बसतो. तुमचं यंत्र काडेपेटीएवढं, त्याची वायर हातभर, आणि त्यावर धातूचं कवच. त्या मेसेजवरून घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही."

"म्हंजी लाईन जितकी लांब तितका मार जास्त," अण्णा म्हणाले. "आभाळातल्या विजेचंबी तसंच असतंय."

"अगदी तसंच."

अण्णांचे खांदे खाली आले. दोन वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं बसलेलं पाहिलं नव्हतं. परतताना त्यांनी केजला जीप थांबवायला लावली, उसाचा रस प्यायले, माझ्यासाठी आलं जास्त घालायला सांगितलं. ड्रायव्हरला आपल्या खांबांवरच्या दोन गोष्टीही ऐकवल्या. मलाही इतकं हलकं वाटत होतं की मी न राहवून विचारलंच.

"अण्णा, डॉक्टरांचं दोन मिन्टात पटलं. मी न्हाई म्हणलं व्हतं, तरी तुमी खड्डा कावून खांदला?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "तू न्हाई कुठं म्हणलीस? तू हसलीस."

"मग?"

"छातीत मशीन बसवायचं ठरलं, तवा मी इचारलं, काय म्हणत्यात डॉक्टर? तवाबी तू अशीच हसली व्हतीस. काही न्हाई अण्णा, साधंच हाय, म्हणलीस. दुसऱ्या दिशी मला टेबलावर घेतलं." ते माझ्याकडं वळले. "त्या दिशी फोनवर तू हसलीस, तवाच मला वाटलं, हे खरं हाय. पोरीला सांगवंना झालंय."

जीप खड्ड्यांतून हेलकावत होती. मी त्यांचा हात धरला आणि त्यांच्या तोंडाकडं बघून सरळ सांगितलं, "अण्णा, त्या बॉम्बचं सगळं मलाबी माहीत न्हाई. पण तुमच्या मशीनला त्याची भीती न्हाई. आन् खरंच काही असंल तर मी हसणार न्हाई. सांगीन."

त्यांनी बराच वेळ माझा चेहरा निरखला. मग "बरं" म्हणाले, मान मागे टाकली, आणि गाव येईपर्यंत गाढ झोपले.