तिसरं नाव

निवृत्त माणसाकडे किस्से साचतात, जुन्या फाइलींवर धूळ साचते तसे. फरक एवढाच, की धुळीला कोणी ‘हे खरं आहे का’ असं विचारत नाही. हे किस्से सक्करदऱ्यातल्या एका लहानशा ऑफिसातले. लोकांचे क्लाउडवरचे सर्व्हर, म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत भाड्यानं घेतलेले कॉम्प्युटर, इथं बसून नजरेखाली ठेवतात. मी तिथं नोंदवही लिहितो. कॉम्प्युटरच्या ऑफिसात वही कशाला, हे मी विचारलं नाही. असले प्रश्न न विचारूनच मी पेन्शनपर्यंत पोचलो.

* * *

पहिल्या दिवशी वैशालीनं मला शब्द शिकवले. ऑफिस तीच सांभाळते.

“काका, मेट्रिक म्हणजे पेशंटचा ताप. थ्रेशोल्ड म्हणजे ताप कितीवर गेला की डॉक्टर बोलवायचा तो आकडा. अलर्ट म्हणजे बोलावणं. पाच मिनिटांत कोणीतरी ‘पाहिलं’चं बटण दाबायचं.”

“अन् डॉक्टर जेवत असला तर?” हा धनराज, तिचा एकुलता एक सहकारी.

“तर बोलावणं दुसऱ्याकडे जाते. त्याले एस्केलेशन म्हणतात. तू जेवतच राहतो, तुले माहीत पाहिजे.”

* * *

काटोलच्या एका कोल्ड स्टोरेजचं काम मिळालं. संत्र्यांचा थंडावा त्यांच्या सर्व्हरवर अवलंबून. फॉर्ममध्ये अलर्ट घेणाऱ्या तिघांची नावं हवी होती. माणसं दोनच.

“काका, एखादं नाव सांगा न.”

“मधुकर निपाणे,” मी म्हटलं. या नावाचा कोणी माझ्या ओळखीत नाही. वैशालीनं मनानंच नंबर टाकला आणि लावून पाहिला. ‘हा नंबर अस्तित्वात नाही.’

“चांगलं झालं. कोणाले त्रास नाही,” म्हणत तिनं खाली सही केली. सहीच्या वर छापलं होतं, माहिती खोटी निघाल्यास सही करणाऱ्याला कामावरून काढण्यात येईल. तिच्या एकटीच्या पगारावर घरी चौघं जेवतात.

* * *

एका दुपारी वैशाली बँकेत होती आणि धनराज लिफ्टमध्ये अडकला होता. काटोलचा अलर्ट आला. दहा मिनिटं कोणी बटण दाबलं नाही. मग स्क्रीनवर उमटलं, ‘पाहिलं: मधुकर निपाणे.’

“काका, तुम्ही दाबलं काय?” धनराजनं वर आल्यावर विचारलं.

माझ्याकडे पासवर्डच नव्हता. मी वहीत नोंद केली. आमच्या सरकारी ऑफिसात कागदावरची माणसं पगार उचलत. कागदावरचा माणूस काम करताना मी पहिल्यांदाच पाहिला.

* * *

पुढच्या आठवड्यात निपाण्यांनी अकरा चाळीसला ‘पाहिलं’ केलं. अलर्ट आला अकरा बेचाळीसला.

“घड्याळ मागंपुढं असन,” धनराज म्हणाला. आम्ही घड्याळं ताडून पाहिली. बरोबर होती. त्यानंतर त्यानं डबा स्क्रीनकडे पाठ करून खाणं सोडलं.

वैशाली नाव काढायला बसली. फॉर्म म्हणे, तीन नावं आवश्यक.

“दुसरं एखादं टाक न वं,” मी म्हटलं.

“नाही बाप्पा. एकच पुरे झालं.”

* * *

मग काटोलवाल्यांनी तपासणीला एक साहेब पाठवले. हातात यादी. वैशालीला पाहिलं, धनराजला पाहिलं, दोन टिकमार्क केले.

“निपाणे?”

“रजेवर आहेत,” वैशाली म्हणाली.

“फोन लावा. स्पीकरवर.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. तिनं नंबर लावला. साहेब मोठ्या स्क्रीनसमोर हात मागे बांधून उभे होते.

रिंग गेली. दुसऱ्या रिंगला कोणीतरी फोन उचलला.

“निपाणे का?” साहेबांनी विचारलं.

“हो, बोलून राहिलो.” आवाज शांत, जरा वयस्क. “साहेब, थोडे बाजूले व्हा. मले स्क्रीन दिसून नाही राहिली.”

साहेब बाजूला झाले.